नंबर अकराची मोडलेली ओळ

सहा डिसेंबरची संध्याकाळ. मुकुंदवाडीच्या विहारापुढं सतरंज्यांवर पाच-सहाशे माणसं पांढऱ्या कपड्यांत गप्प बसलेली. आणि अशा जागी, अशा दिवशी, सूर्यभाननं कॉर्नेटवर वरातीची चाल उचलली.

सूर हुकला असता, दम कमी पडला असता, ओठ सुकून नुसतं फुस्स झालं असतं, तर त्याला चूक म्हणता आलं असतं. तसल्या चुका बँडात रोज होतात आणि झांजांच्या आवाजात खपून जातात. सूर्यभाननं मात्र अगदी सुरात, ठसक्यात, नाचायच्या चालीच्या दोन अख्ख्या ओळी वाजवल्या. मुंजाबाचा ड्रम त्याला येऊन मिळाला आणि बाकीचे पंधरा जण बिनतक्रार त्यांच्या मागं गेले.

लग्नाच्या बँडात एक रिवाज असतो, तो कुठं लिहिलेला नसतो. पुढच्या कॉर्नेटवाल्यानं माणसांच्या हातांवर नजर ठेवायची. कुणाचे दोन्ही हात डोक्याच्या वर गेले, की त्याला नाचायचंय असं समजायचं. चाललेलं गाणं तिथंच टाकून चाल उचलायची. पुढच्यानं चाल बदलली की मागच्यांनी कारण विचारायचं नाही. सूर्यभाननं चार हंगामांत दीडएकशे वराती अशा वाजवल्या होत्या. हात वर गेलेले दिसले की त्याची बोटं त्याला न विचारताच कामाला लागायची.

त्या संध्याकाळी पहिल्या रांगेतून एक म्हातारी होत आलेली बाई उठली आणि तिनं दोन्ही हात वर केले. ती चंपाबाई. तिच्याच मेलेल्या मुलासाठी ती संथ रचना बसवलेली होती, आणि ती ऐकता ऐकता तिला हंबरडा फुटायला आला होता.

हंबरडा काही फुटला नाही. तिचे हात हवेत थांबले, मग हळूहळू खाली आले. मागं कुणीतरी लहान पोर हसलं. चंपाबाई जशी उठली होती तशी खाली बसली आणि तिनं पदर नीट केला. सूर्यभानच्या ध्यानात आलं तेव्हा दोन ओळी होऊन गेल्या होत्या. त्यानं तिसरीच्या तोंडाशी मूळ रचनेचा सूर धरला, आणि चुकलेली मेंढरं पुढच्याच्या मागं वळावीत तसा सगळा बँड वळून परत आला.

मेंढरांची उपमा सूर्यभानला कुणी दिलेली चालायची नाही, पण होता तो मेंढरांतलाच. करमाडच्या पुढं, रस्ता सोडून आत, माळावर त्याचं गाव. बाप त्रिंबक मेंढरं राखायचा, आजा राखायचा, आणि सूर्यभान आठवीत दुसऱ्यांदा नापास झाल्यावर त्यानंही राखायला हरकत नव्हती. पण तेव्हा चिकलठाण्यात कारखान्यांची नवी नवी धुरांडी उभी राहत होती आणि गावातला जो तो ‘कंपनीत चिकटायला’ निघाला होता. सूर्यभान चिकटला. पत्रा दाबायच्या प्रेसवर त्याला आठ तास उभं केलं गेलं. मुकुंदवाडीत एक खोली घेतली, बायको बानाबाई आली, आणि माळाचा संबंध यात्रेपुरता उरला.

त्या कंपनीच्या गेटवर कचरू मास्तर वॉचमन होते. फौजेच्या बँडात वीस वर्षं काढून आलेला माणूस. कामगारांच्या डब्याची आणि खिशाची झडती घेता घेता ते त्यांचे ओठ आणि छात्या बघून ठेवत. सूर्यभानला त्यांनी एके दिवशी बाजूला घेतलं आणि विचारलं, की मेंढरं हाकताना शीळ किती लांब जायची. सूर्यभान म्हणाला, दोन शेतं. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात कॉर्नेट दिलं.

असा तो बँड जमला. प्रेसवाले, लेथवाले, एक शाळेचा शिपाई. बहुतेक मास्तरांच्या वस्तीतले बौद्ध, दोन मुसलमान, आणि सूर्यभान-मुंजाबा हे दोघं धनगर. मास्तरांनी फौजेच्या शिस्तीनं गाण्यांना नावं न देता नंबर दिले होते. एक ते दहा लग्नाचे. ते वाजवून जे मिळायचं त्यातून नंबर अकराची तयारी चालायची, कारण अकराला वरात नव्हती, गिऱ्हाईक नव्हतं. तो बसून वाजवायचा आणि बसून ऐकायचा होता.

नंबर अकरा मास्तरांनी भाच्यासाठी लिहिला होता. भाचा कडुबा, चंपाबाईचा एकुलता एक. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला तेव्हा त्यांच्या गावाकडच्या वाडीतली बौद्धांची घरं जाळली गेली. कडुबा बाहेर आला होता. गोठ्यात वासरू बांधलेलं राहिलं म्हणून परत आत गेला.

हे सगळं सूर्यभानला मास्तरांनी तालमीत सांगितलं होतं, एकदाच, मान खाली घालून. सूर्यभाननं मान हलवली होती. कंपनीत त्याला कुणी खोचून विचारायचं, की बाबा, तू नामांतराच्या बाजूचा का विरोधातला, तर तो म्हणायचा, आपण वाजवणारी माणसं. गावाकडं भावकी टोमणे मारायची, की आता त्यांच्यात जाऊन पिपाण्या फुंकतोस, तेव्हाही तो हेच म्हणायचा. सोयीचं उत्तर होतं. दोन्हीकडं चालायचं.

आता त्या संध्याकाळकडं परत येऊ.

कार्यक्रम संपल्यावर मास्तरांनी बँडाला लिंबाखाली उभं केलं. ते स्वतः दुसऱ्या टोकाला डोळे मिटून युफोनियम वाजवत होते, त्यामुळं सुरुवात कुणी केली ते त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी आवाज न चढवता विचारलं, पहिला कोण?

सूर्यभानला उत्तर माहीत होतं. ते तोंडाशी आलंही होतं. पण त्याच्या आधी मुंजाबा बोलला.

“माझाच हात पडला आसंल, मास्तर. ड्रम माझाच वाजला आधी.”

आणि सूर्यभान गप्प राहिला. पहिल्या क्षणाला धक्क्यानं, दुसऱ्या क्षणाला भीतीनं, आणि तिसऱ्या क्षणाला आता फार उशीर झाला म्हणून. मास्तरांनी मुंजाबाच्या गळ्यातला ड्रमचा पट्टा स्वतःच्या हातानं काढला. मग ते सूर्यभानकडं वळले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, तू होतास म्हणून परत तरी आलो.

वस्तीतल्या चार माणसांनीही तेच म्हटलं. ज्यानं मोडलं त्यालाच सावरल्याची शाबासकी मिळाली. बानाबाईनं ही कौतुकाची गोष्ट नळावर ऐकली आणि घरी येऊन नवऱ्याला ताट वाढताना सांगितली. तो भाकरी मोडत राहिला, खाल्ली नाही.

मुंजाबाबद्दल मात्र वस्तीत वेगळंच बोललं जाऊ लागलं. त्याच्याकडच्या लोकांनी मुद्दाम केलं, सहा डिसेंबरला मुद्दाम नाचाचं वाजवलं, असं. कुणी त्याच्या तोंडावर म्हटलं नाही, पण मुंजाबानं विहारावरून जायचा रस्ता सोडला आणि रुळाच्या कडेनं लांबून जायला लागला. जानेवारीत त्यानं चिकलठाण्याची नोकरीही सोडली. वाळूजला नवीन कारखाने निघत होते, त्यांतल्या एकात लागला आणि तिकडंच राहायला गेला. जाताना सूर्यभानला भेटून गेला, हसून बोलला. ते हसणं सूर्यभानला शिवीपेक्षा जड गेलं.

मग लग्नसराई आली आणि बोटांनी दगा दिला. पैठणकडची वरात होती. नवरदेवाचा मामा तोंडात रुमालाचं टोक धरून, दोन्ही हात वर करून पुढं आला. सूर्यभाननं ते हात पाहिले आणि त्याची बोटं थिजली. मामा हात खाली घेईना, हा चाल उचलेना. शेवटी मामानं रुमाल तोंडातून काढला आणि विचारलं, “पावणं, वरातीला आलाय का मयताला?” वऱ्हाड हसलं. पुढच्या दोन वरातींतही हेच झालं. मास्तर म्हणाले, कंपनीत जास्तीचं काम पडतंय का तुला? सूर्यभान म्हणाला, व्हय.

बानाबाईला त्यानं पाडव्याच्या दिवशी सांगितलं. तिनं गुढीला गाठी बांधता बांधता ऐकून घेतलं. तिला वाटलं होतं बाहेर काही भानगड आहे. त्यापेक्षा हे बरं, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. मग म्हणाली, “मंग सांगा की जाऊन. माझ्यापाशी सांगून कुनाचं काय भागलं?”

तो पुढच्या शुक्रवारी गेला. शुक्रवारी चिकलठाण्यातल्या कारखान्यांना सुट्टी असायची आणि चंपाबाई एका कारखान्यात झाडलोट करायची, म्हणून ती घरी सापडली. उंबऱ्यात सुपात ज्वारी घेऊन खडे वेचत होती. त्यानं बसायच्या आधीच सांगून टाकलं.

“आक्का, त्या दिशी पहिली चाल मी घेतली. मुंजाबानं नाय.”

चंपाबाईनं एक खडा बाजूला टाकला. “कशी काय?”

त्यानं रिवाज सांगितला. हात, वरात, बोटं. सांगताना त्यालाच ते खोटं वाटायला लागलं, इतकं ते हास्यास्पद होतं. चंपाबाईनं सगळं ऐकलं, मग स्वतःचे हात उलटेपालटे करून बघितले.

“म्हंजी मी हात वर केले म्हनून.”

“नाय आक्का, तुमचं काय त्यात...”

“आरं, इचारते फकस्त.” तिनं सूप खाली ठेवलं. “कडुबा गेला तवा मला रडायला सवडच नाय मिळाली. आधी पोलीस, मंग पंचनामा, मंग हितं भाड्याची खोली, मंग कंपनी. बाया म्हनायच्या, चंपा दगडाची हाय. आठ वर्सांनी त्या दिशी आतून आलं होतं बघ. हितपर्यंत आलं होतं.” तिनं गळ्याला बोट लावलं. “तू त्याला चाल लावली. ते माघारी गेलं, ते काय पुन्यांदा आलं नाय.”

रागानं म्हणाली असती तर सूर्यभाननं पाय धरले असते. पण ती नळाला पाणी आलं नाही असं सांगावं तसं सांगत होती. त्याला काय धरावं कळेना.

“तुझं गाव कंचं रे?” तिनं विचारलं.

त्यानं नाव सांगितलं.

“म्हंजी तुमच्या माळावरून आमची वाडी दिसती.”

“दिसती.”

तिनं पुढं काही विचारलं नाही. सूर्यभान सतरा वर्षांचा होता, मेंढरं माळावर होती, वाडीवरनं काळा धूर वर चढत होता, आणि बाप म्हणाला होता, मेंढरं वळव, तिकडं बघू नको. त्यानं मेंढरं वळवली होती. हे तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. दोघंही ज्वारीकडं बघत बसले.

“मुंजाबाला सांगितलं का?” ती मध्येच म्हणाली.

“नाय अजून.”

“आधी माझ्याकडं आलास.”

“व्हय.”

“सोपी वाटले व्हय मी?”

तिनं त्याला चहा पाजला आणि वाळूजच्या बसची वेळ सांगितली.

वाळूजला तेव्हा रस्ते आखलेले होते आणि बरेचसे कारखाने अजून यायचे होते. खडीचे ढीग, शेडचे सांगाडे, आणि मध्येच कुणाचा तरी उभा ऊस. मुंजाबा एका अर्ध्या बांधलेल्या भिंतीवर बसून डबा खात होता. सूर्यभान बोलायला लागला तसा त्यानं डब्यातली मिरची त्याच्यापुढं धरली.

“मला ठाव हाय,” मुंजाबा म्हणाला.

“काय ठाव हाय?”

“सूर्या, ड्रमवाल्याला कळत नाय व्हय, आपला हात कशावर पडला ते? तू चाल घेतली, मंग मी हात टाकला. आरध्या दमाचा फरक. पन हाय ना फरक.”

सूर्यभान त्याच्या शेजारी भिंतीवर बसला. मग का बोललास, असं त्यानं कसंबसं विचारलं.

“पुढची ओळ काढनारं कॉर्नेट तवा तुझंच होतं. तू गेला असतास तर मास्तरचा बँड बसला असता. ड्रम काय, कुनीबी बडवतंय.” मुंजाबानं भाकरीचा घास घेतला. “आनि मला वाटलं, दोन दिसांत तूच सांगशील. लई लांबले तुझे दोन दिस.”

सूर्यभान म्हणाला, उद्याच मास्तरांना सांगतो. मुंजाबा म्हणाला, मी काय धरलंय का तुला? आणि हसला. पण या खेपेला ते हसणं तोंडातच राहिलं, डोळ्यांपर्यंत गेलं नाही.

मास्तरांना त्यानं दुसऱ्या दिवशी गेटवर, पाळी सुटायच्या गर्दीत सांगितलं. गर्दीत फार बोलता येत नाही, हा हिशेब त्यातही होताच. मास्तरांनी दोन कामगारांचे डबे तपासले, तिसऱ्याला तसंच जाऊ दिलं. रविवारी ते स्वतः एसटीनं वाळूजला गेले आणि ड्रमचा पट्टा मुंजाबाच्या हातात देऊन आले. तालमीला त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की मागच्या सहा डिसेंबरला चूक मुंजाबाची नव्हती. कुणाची होती ते सांगितलं नाही. नुसतं सूर्यभानचं स्टूल उचलून तिसऱ्या रांगेत ठेवलं, आणि तिथल्या शाळेच्या शिपायाला त्याच्या कॉर्नेटसकट पुढं बसवलं.

तिसऱ्या रांगेतल्या कॉर्नेटला नंबर अकरामध्ये फारसं काम नाही. मधल्या भागात तर चोवीस ठोके नुसतं बसायचं, मोजायचं, आणि पंचविसाव्याला एक लांब सूर घेऊन चार ठोके धरायचा. संपलं. सूर्यभानला ही शिक्षा हलकी वाटली. चार ठोके कुणीही धरेल.

पुढचा सहा डिसेंबर आला. तेच मैदान, त्याच सतरंज्या, मागच्या भिंतीवर नामांतराची घोषणा पुन्हा ताजी रंगवलेली. चंपाबाई पहिल्या रांगेत. मुंजाबा ड्रमवर, काड्या इतक्या अलगद टाकत होता की त्या चामड्याला लागतात का नाही असं वाटावं.

मधला भाग आला. क्लॅरिनेट खाली गुणगुणायला लागले आणि वरून शिपायाचं कॉर्नेट ती लांब ओळ काढायला लागलं. सूर्यभान मोजत होता. एक, दोन, तीन. दोन वर्षं त्यानं ही ओळ स्वतः वाजवली होती आणि वाजवताना त्याचं लक्ष दमाकडं, बोटांकडं, माणसांच्या हातांकडं असायचं. ती ऐकली अशी त्यानं कधी नव्हतीच. ओळ वर चढायची, मध्येच काहीतरी विसरल्यासारखी मागं वळायची, पुन्हा आत जायची, आणि बाहेर यायचीच नाही. दर वेळी ती तिथंच संपायची. मास्तरांनी वासरासाठी परत गेलेलं पोरगं जसंच्या तसं लिहून ठेवलं होतं आणि सूर्यभान दोन वर्षं ते फुंकत होता.

त्याला माळ दिसला. धूर दिसला. बापाचा हात दिसला, मेंढरं वळवायची खूण करणारा. सतरा, अठरा, कुठंतरी मोजणी सुटली. पंचविसावा ठोका आला तेव्हा कॉर्नेट त्याच्या ओठांशी होतं, पण छातीत जे भरलं होतं तो वारा नव्हता. चार ठोके गेले. त्या जागेला काहीच वाजलं नाही. शेजारच्यानं कोपर मारलं, पण तोवर रचना पुढं गेली होती.

कार्यक्रमानंतर लोक पांगले. सूर्यभान सतरंज्या गुंडाळायला लागला, कारण कुणाच्या तोंडाकडं बघायचं नव्हतं. चंपाबाई त्याच्यापाशी येऊन उभी राहिली. तिचे डोळे कोरडे होते.

“आज बी नाय आलं,” ती म्हणाली. मग थोडं थांबून, “मधी एक जागा रिकामी गेली. कुनाची होती?”

“माझी, आक्का. चार ठोके होते.”

“का रं?”

“दम नाय राहिला.”

चंपाबाईनं त्याच्या तोंडाकडं निरखून बघितलं. सूर्यभाननं बाहीनं नाक पुसलं. तिनं सतरंजीचं दुसरं टोक धरलं आणि दोघांनी मिळून घडी घातली.

“माझं माझ्यापाशी ऱ्हाऊ दे, ते तुझ्यानं व्हायचं नाय,” ती म्हणाली. “पन ते चार ठोके तुझ्याकडं हायेत बघ. पुढल्या साली दे.”

तो व्हय म्हणाला. त्या वर्षी तालमीला त्यानं एकही खाडा केला नाही आणि ते चार ठोके इतके घासले की शेजारचे कंटाळले.

पण पुढच्या सहा डिसेंबरला मंगळवार आला आणि कंपनीला मोठी ऑर्डर. सूर्यभानची दुसरी पाळी लागली. त्यानं फोरमनला, कारभारी नावाच्या माणसाला, आठवडाभर आधीपासून गाठलं. पाळी बदलून द्या. कारभारीनं विचारलं, काम काय? सूर्यभान म्हणाला, चार ठोके वाजवायचेत. कारभारीला वाटलं चेष्टा करतोय. तो पोट धरून हसला, शेजारच्या प्रेसवाल्याला बोलावून पुन्हा वदवून घेतलं, आणि म्हणाला, तेवढे इथंच वाजव.

सहा वाजता सूर्यभान प्रेसवर उभा होता. मैदान तिथून दोन मैलसुद्धा नव्हतं, पण प्रेसच्या आवाजात शेजारचा माणूस ऐकू येत नाही. तो पत्रा सरकवत होता आणि मनात मोजत होता. चोवीसनंतर त्यानं दम भरला, चार ठोके धरला, आणि सोडला. चंपाबाईच्या कानावर त्यातलं काहीच गेलं नाही.